३५-३५ च्या बरोबरीत पडलेला पिवळा रुमाल: सुपर बोलमधील एका होल्डिंग पेनल्टीचा प्रकरण अभ्यास

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी अ‍ॅरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे झालेल्या ५७व्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या अंतिम सामन्यात, १ मिनिट ५४ सेकंदांचा खेळ उरला असताना कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स या दोन्ही संघांचे प्रत्येकी ३५ गुण झाले होते. चेंडू चीफ्सकडे, ईगल्सच्या गोलरेषेपासून १५ यार्डांवर होता. त्यांचा तिसरा डाउन होता आणि त्यांना ८ यार्ड कमी पडत होते. हा खेळ फारसा न पाहणाऱ्या वाचकासाठी एवढे सांगायला हवे की आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन, मिळतात. तेवढे अंतर कापले की मोजणी पुन्हा पहिल्या डाउनपासून सुरू होते. तिसऱ्या डाउनवरही ते जमले नाही, तर चौथ्यावर बहुधा चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारून फील्ड गोलचे ३ गुण घेण्यावर भागवावे लागते. त्यामुळे त्या एका खेळीवर चीफ्सचे आक्रमण पुढे चालू राहणार की तिथेच थांबणार, हे ठरणार होते.

चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्सने चेंडू घेतला. त्याच्या डाव्या बाजूला जुजू स्मिथ-शूस्टर हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, आधी आत वळला आणि मग झटक्यात बाहेरच्या दिशेने निघाला. त्याच्यावर लक्ष ठेवणारा ईगल्सचा कॉर्नरबॅक जेम्स ब्रॅडबेरी क्षणभर मागे पडला आणि त्या क्षणी त्याच्या उजव्या हातात स्मिथ-शूस्टरची जर्सी आली. महोम्सने फेकलेला चेंडू रिसीव्हरच्या आवाक्याबाहेर, मोकळ्या जागी पडला. ईगल्सच्या दृष्टीने खेळी यशस्वी झाली होती. पण मैदानावर पिवळा रुमाल पडला होता, म्हणजे पंचांना नियमभंग दिसला होता. मुख्य पंच कार्ल चेफर्स यांनी जाहीर केले: बचाव संघाचे होल्डिंग, ५ यार्ड, आपोआप पहिला डाउन.

पुढे जे घडले त्यात नाट्य फारसे नव्हते आणि ईगल्सच्या चाहत्यांना तेच अधिक लागले. लगेचच्या खेळीत चीफ्सचा जेरिक मॅकिनन चेंडू घेऊन गोलरेषेपाशी पोहोचला. सहज टचडाउन करता आला असता, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण घेता आले असते, तरी तो मुद्दाम आधीच खाली बसला, कारण गुण घेतले असते तर ईगल्सच्या हाती चेंडूबरोबर वेळही गेला असता. महोम्सने गुडघा टेकून घड्याळ चालू ठेवले. अखेरचे ८ सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने २७ यार्डांवरून फील्ड गोल मारला. चीफ्स ३८, ईगल्स ३५. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्स याला एकच लांबलचक, जवळपास अशक्य असा पास फेकता आला आणि तो कोणाच्याही हाती लागला नाही.

रुमाल पडला नसता तर काय झाले असते, हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. चीफ्सचा चौथा डाउन आला असता आणि त्यांनी साधारण ३३ यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला असता. बटकरसाठी ते अंतर अवघड नव्हते, जरी त्याच सामन्यात ४२ यार्डांवरून मारलेला त्याचा एक चेंडू खांबावर आदळून परत आला होता. म्हणजे चीफ्स बहुधा ३८-३५ असेच पुढे गेले असते. फक्त हर्ट्सला उत्तर द्यायला ८ सेकंदांऐवजी दीड मिनिटाहून अधिक वेळ मिळाला असता. पेनल्टीने चीफ्सना विजय दिला, असे म्हणणे त्यामुळे अचूक नाही. तिने ईगल्सच्या हातून अखेरची संधी काढून घेतली. ती संधी किती मोलाची होती, हे हर्ट्सच्या त्या दिवशीच्या खेळावरून कळते. त्याने पासिंगमध्ये ३०४ यार्ड काढले, स्वतः धावून तीन टचडाउन केले आणि बरोबरी साधणारे शेवटचे दोन गुणही स्वतःच धावून घेतले. त्याच्या हातून निसटलेला एक चेंडू उचलून चीफ्सच्या निक बोल्टनने टचडाउन केला होता हे खरे. पण पराभूत संघाकडून एवढा मोठा खेळ सुपर बोलमध्ये क्वचितच पाहायला मिळतो. अशा सामन्याचा शेवट खेळाडूंच्या झुंजीने व्हावा, असे कोट्यवधी प्रेक्षकांना वाटले असेल तर त्यात चूक काहीच नाही. मलाही तसेच वाटले होते.

हा अभ्यास करावासा वाटला तो त्या भावनेमुळेच. ‘एवढ्या मोठ्या सामन्यात, एवढ्या शेवटच्या क्षणी, इतक्या लहानशा पकडीसाठी पेनल्टी द्यायची का?’ हा प्रश्न त्या रात्री दूरचित्रवाणीवर समालोचक ग्रेग ओल्सन यांनी उपस्थित केला. स्वतः वर्षानुवर्षे टाइट एंड, म्हणजे पास झेलणारा आणि अडवणूकही करणारा आक्रमणातील खेळाडू, म्हणून खेळलेल्या ओल्सन यांचे मत असे होते की या पातळीवर खेळाडूंना खेळू द्यावे आणि निकाल त्यांच्यावर सोडावा. ‘खेळू द्या’ ही मागणी अमेरिकन फुटबॉलमध्ये जुनी आहे. तिला कठोर अंमलबजावणीविरुद्धची तक्रार म्हणतात; पण प्रत्यक्षात त्या मागणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात, अपराध खरोखर झाला का, मापदंड सामनाभर सारखा होता का आणि शिक्षा किती जड आहे, आणि हे प्रकरण त्या तिन्ही वेगळ्या करून पाहण्याची चांगली संधी देते.

सर्वात आधी तथ्य. सामन्यानंतर चेफर्स यांनी पत्रकारांच्या प्रतिनिधीला दिलेले स्पष्टीकरण संदिग्ध नव्हते. रिसीव्हर आत जाऊन बाहेर सुटण्याच्या प्रयत्नात होता, बचावपटूने उजव्या हाताने जर्सी धरली आणि त्यामुळे त्याला बाहेर सुटण्यास अटकाव झाला, असे त्यांनी सांगितले. ईगल्सचे प्रशिक्षक निक सिरियानी यांनी निर्णयावर बोट ठेवले नाही. निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो, आणि एका निर्णयाने सामना हरला जात नाही, अशी त्यांची भूमिका होती. सर्वात निर्णायक साक्ष मात्र ब्रॅडबेरीची होती. ते होल्डिंगच होते, मी जर्सी ओढली आणि पंच ते सोडून देतील अशी मला आशा होती, असे त्याने लॉकर रूममध्ये उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्या हंगामात लीगमधील उत्तम कॉर्नरबॅकमध्ये गणला गेलेला, आयुष्यातील सर्वात मोठा सामना नुकताच हरलेला खेळाडू असे बोलतो तेव्हा त्याच्याबद्दल आदरच वाटतो. वादाच्या दृष्टीने मात्र त्या वाक्याचा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. ‘सोडून देतील अशी आशा होती’ या शब्दांत शिथिलतेचा सगळा प्रश्न आहे.

नियमाची भाषा साधी आहे: पास झेलण्यास पात्र असलेल्या खेळाडूला किंवा त्याच्या जर्सीला बचावपटूने हाताने धरणे म्हणजे होल्डिंग. व्यवहारात मात्र पंच आणखी एक प्रश्न विचारतात, तो म्हणजे पकडीमुळे रिसीव्हरला खरोखर अटकाव झाला का. चेफर्स यांच्या स्पष्टीकरणात पकड आणि अटकाव हे दोन्ही शब्द आले, ते याचमुळे. प्रत्येक खेळीत कुठे ना कुठे हात लागतो, बोटे अडकतात, खांदा घासतो. या सगळ्याला पेनल्टी दिली तर सामन्याचा एक क्वार्टर, म्हणजे पाव भाग, संपायला संध्याकाळ होईल. म्हणून परिणामशून्य पकड सोडून देण्याची प्रथा अंमलबजावणीत आधीपासूनच आहे. जे लोक नियम सैल करण्याची मागणी करतात त्यांच्या हे लक्षात आलेले नसते की लागू होणारा नियम हा लिहिलेल्या नियमापेक्षा पुष्कळ सैलच आहे. ब्रॅडबेरीची पकड त्या सैल चाळणीतूनही खाली पडली नाही, कारण तिने रिसीव्हरला वळणाच्या नेमक्या क्षणी रोखले.

हा नियम इतका काटेकोर का झाला, याचा इतिहास या प्रकरणाशी थेट जोडलेला आहे. १९७८ पूर्वी बचावपटू रिसीव्हरला मैदानभर धक्के देऊ शकत असत आणि पिट्सबर्ग स्टीलर्सच्या मेल ब्लाउंटसारखे बलदंड कॉर्नरबॅक त्याचा पुरेपूर फायदा घेत. त्या वर्षी लीगने असा संपर्क सुरुवातीच्या ५ यार्डांपुरता मर्यादित केला. नियम कागदावर राहिला, पण अंमलबजावणी हळूहळू सैल होत गेली. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या बचावपटूंनी कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यात इंडियानापोलिस कोल्ट्सच्या रिसीव्हरांना अंगाशी अंग लावून इतके जखडून ठेवले की पेटन मॅनिंगचे पास टाय लॉ या एकाच बचावपटूने तीन वेळा पळवले. पुढच्या हंगामासाठी लीगने एकही नवा शब्द न लिहिता जुनाच नियम नीट लावण्याचे आदेश पंचांना दिले आणि मॅनिंगने त्या हंगामात ४९ टचडाउन पास फेकून तेव्हाचा विक्रम केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिएटल सीहॉक्सच्या बचावाने सुपर बोल जिंकल्यानंतर पुन्हा तेच झाले. पंच प्रत्येक खेळीत रुमाल टाकणार नाहीत, म्हणून प्रत्येक खेळीत धरा, असा सिएटलचा हिशेब असल्याची प्रतिस्पर्ध्यांची तक्रार होती. त्यानंतरच्या हंगामात लीगने संपर्क आणि होल्डिंग या दोन्हींवर पुन्हा काटेकोर नजर ठेवायला सांगितले.

या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. पंचाची सवलत कधीच रिकामी पडून राहत नाही. बचाव संघाचे प्रशिक्षक ती मोजतात आणि पुढच्या आठवड्यात तिच्यावर आपली आखणी उभी करतात. ब्रॅडबेरीने जर्सी ओढली ती अनवधानाने ओढली असे त्याने म्हटलेले नाही. त्याने आशा ठेवली, म्हणजे एक हिशेब केला. तो हिशेब चुकला तर ५ यार्ड आणि पहिला डाउन जाणार होता आणि चालून गेला तर सुपर बोलची अखेरची चढाई हाती येणार होती. शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी हात आखडता घ्यावा, असा अलिखित नियम झाला तर प्रत्येक कॉर्नरबॅकला त्या दोन मिनिटांत जर्सी धरणे फायद्याचेच ठरेल. म्हणजे जो नियम सामन्याच्या ५८ मिनिटांसाठी आहे तो नेमका सामना ठरण्याच्या वेळी उरणार नाही.

आता विरुद्ध बाजूचे सर्वात बळकट म्हणणे पाहिले पाहिजे, कारण ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. ईगल्सच्या समर्थकांची तक्रार ही पकड पकड नव्हती अशी नव्हतीच. तक्रार अशी होती की त्या सामन्यात त्याआधी दोन्ही बाजूंच्या अशाच पकडींकडे पंचांनी फारसे लक्ष दिले नव्हते, मग ५८ मिनिटांनंतर अचानक मापदंड का बदलला? ही तक्रार न्याय्य आहे. पण ती कठोरपणाविरुद्धची नाही, ती असमानतेविरुद्धची आहे. एका वर्षापूर्वी, १३ फेब्रुवारी २०२२ रोजी लॉस एंजेलिस रॅम्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यातल्या ५६व्या सुपर बोलमध्ये हेच अधिक ढोबळपणे घडले होते. त्या सामन्यात बराच वेळ पंच फार कमी वेळा मध्ये पडले. बेंगल्सच्या टी हिगिन्सने रॅम्सच्या जेलेन रॅम्झीच्या हेल्मेटची जाळी ओढून स्वतःला मोकळे केले आणि ७५ यार्डांचा टचडाउन केला, तरी रुमाल पडला नाही. मग पावणेदोन मिनिटे उरली असताना बेंगल्सच्या लोगन विल्सनवर एका हलक्या संपर्कासाठी होल्डिंगची पेनल्टी आली, रॅम्सना चार नवे प्रयत्न मिळाले, कूपर कपने टचडाउन केला आणि रॅम्स २३-२० असे जिंकले. विल्सनवरचा निर्णय मला आजही दुबळा वाटतो. ब्रॅडबेरीवरचा तसा वाटत नाही. दोन्ही प्रसंगांत प्रेक्षकांच्या मनात जो सल राहिला तो मात्र एकच आहे: आधीच्या शिथिलतेने एक मापदंड ठरवून दिला आणि शेवटच्या कठोरपणाने तो मोडला. यावरचा उपाय शेवटच्या मिनिटात अधिक सैल होणे हा कसा असू शकतो, हे मला समजत नाही. पहिल्या मिनिटापासून तोच रुमाल टाकणे हाच सरळ मार्ग आहे.

याच चीफ्स संघाच्या आधीच्या सामन्याशी तुलना केली तर आणखी एक बाजू उघड होते. सुपर बोलच्या दोन आठवडे आधी, २९ जानेवारी २०२३ रोजी, चीफ्स आणि बेंगल्स यांची २०-२० अशी बरोबरी असताना, घोट्याला दुखापत झालेला महोम्स मैदानाच्या कडेबाहेर धावत गेला आणि बेंगल्सच्या जोसेफ ओसाईने त्याला रेषेबाहेर ढकलले. फक्त काही सेकंद उरले होते. पंचांनी अनावश्यक बळाच्या वापराबद्दल १५ यार्डांची पेनल्टी दिली आणि बटकरने ४५ यार्डांवरून फील्ड गोल मारून चीफ्सना २३-२० असे सुपर बोलमध्ये नेले. हा निर्णय होल्डिंगच्या निर्णयापेक्षा कितीतरी जास्त यार्डांचा होता आणि घड्याळाच्या कितीतरी अधिक शेवटाशी होता. तरीही तिथे पंचांनी डोळेझाक करायला हवी होती असा सूर फारसा उमटला नाही. सायडलाइनवर बसलेल्या ओसाईचे डोळे भरून आलेले सर्वांनी पाहिले, त्याच्याबद्दल हळहळ वाटली, पण धक्का स्पष्ट दिसत होता. म्हणजे प्रेक्षकांचा खरा आक्षेप वेळेवर नसतो, न दिसणाऱ्या गुन्ह्यावर असतो. होल्डिंगची पकड ही प्रेक्षकाच्या नजरेतून निसटते, पुनर्दर्शनात हळू गतीने पाहिली तरच दिसते, म्हणून ती क्षुल्लक वाटते.

खेळाडूच्या सुरक्षेसाठी असलेल्या पेनल्ट्या मी या चर्चेत वेगळ्या ठेवतो आणि वाचकांनीही तसेच करावे, अशी माझी विनंती आहे. डोक्यावरचा आघात, बचावण्याच्या स्थितीत नसलेल्या रिसीव्हरवरची धडक, क्वार्टरबॅकला जमिनीवर आपटणे यांबाबत शिथिलता मागणे मला मान्य नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सिनसिनाटीच्या मैदानावर मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ जमिनीवर आपटला आणि बोटे आखडलेल्या अवस्थेत स्ट्रेचरवरून बाहेर नेला गेला, ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. त्यानंतरच्या पंधरवड्यात पंच क्वार्टरबॅकच्या बाबतीत अति सावध झाले, असेही झाले: अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने टॉम ब्रॅडीला, आणि दुसऱ्याच दिवशी चीफ्सच्या ख्रिस जोन्सने डेरेक कारला नियमात राहून पाडले असताना पेनल्ट्या दिल्या गेल्या. जोन्सवरचा तो निर्णय चेफर्स यांच्याच पथकाचा होता. या चुका होत्या, पण त्या रास्त काळजीपोटी झालेल्या चुका होत्या. जर्सी धरण्याने मात्र कोणाची मान मोडत नाही. होल्डिंगचा नियम स्पर्धेच्या समतोलासाठी आहे, आणि म्हणूनच तो किती कडक असावा यावर मोकळेपणाने बोलता येते.

चेफर्स यांच्यावर चीफ्सची बाजू घेतल्याचा आरोप त्या रात्री समाजमाध्यमांवर झाला. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्ये टॅम्पा येथील सुपर बोलमध्ये, चेफर्स यांच्याच पथकाने चीफ्सवर ११ पेनल्ट्या लावून १२० यार्ड काढून घेतले होते आणि चीफ्स ३१-९ असे हरले होते. तेव्हा आरोप नेमका उलटा होता. एवढ्यावर हा मुद्दा मी सोडतो.

शिथिलतेची दुसरी टोकाची बाजू न्यू ऑर्लिन्सने पाहिली आहे. २० जानेवारी २०१९ रोजी तिथल्या सुपरडोममध्ये सेंट्स आणि रॅम्स यांच्यात २०-२० अशी बरोबरी होती, १ मिनिट ४९ सेकंद उरले होते आणि सेंट्सचा तिसरा डाउन होता. म्हणजे परिस्थिती जवळजवळ ग्लेनडेलसारखीच होती. सेंट्सचा टॉमीली लुइस पास झेलायला धावत असताना रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू पोहोचण्याच्या आधीच त्याला जोरात धडक दिली. रुमाल पडला नाही. पंचांनी खेळू दिले. सेंट्सना ३ गुणांवर भागवावे लागले, रॅम्सनी बरोबरी केली आणि जादा वेळेत ग्रेग झुअरलाइनने ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारून सामना २६-२३ असा जिंकला. सामन्यानंतर लीगच्या पंच विभागाने चूक झाल्याचे फोनवर मान्य केले, असे सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सांगितले. रोबी-कोलमनला त्याच धडकेबद्दल २६,७३९ डॉलरचा दंड झाला. लुइझियानाच्या राज्यपालांनी लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिले आणि चाहत्यांनी दाखल केलेला दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे तो फेटाळला गेला. ‘खेळू द्या’ हे तत्त्व प्रत्यक्षात कसे दिसते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत न दिलेली पेनल्टी ही दिलेल्या पेनल्टीइतकाच निकाल ठरवते. फरक एवढाच की न दिलेल्या पेनल्टीचा फायदा नियम मोडणाऱ्याला मिळतो.

त्या प्रकरणानंतर मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ अशा मतांनी एक प्रयोग मंजूर केला: पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे चेंडू हवेत असताना तो झेलणाऱ्याला अडवण्याचा, निर्णय, आणि न दिलेला निर्णयसुद्धा, रिप्लेवर तपासता येईल. प्रयोग फसला. पडद्यासमोर बसलेल्यांनी मैदानावरचे निर्णय इतक्या क्वचित आणि इतक्या असमान रीतीने बदलले की प्रशिक्षकांना कोणत्या धडकेवर आव्हान द्यावे हेच कळेनासे झाले. एका हंगामानंतर नियम मागे घेतला गेला. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाकडे नो-बॉल सोपवता येतो, कारण पाय रेषेच्या मागे होता की पुढे हे चित्रात दिसते. पकडीने अटकाव झाला का, हे चित्रात दिसत नाही. ते ठरवावे लागते आणि ठरवणारा मैदानावर असो वा कक्षात, त्याला मापदंड द्यावाच लागतो. रिप्लेच्या भरवशावर मैदानावरची नजर सैल करता येईल ही आशा त्या वर्षी संपली.

शिथिलता विचारपूर्वक आणली तर ती चालते, याचेही उदाहरण आहे आणि ते माझ्या भूमिकेला छेद देणारे वाटले तरी इथे नोंदवले पाहिजे. २०२० च्या हंगामात पंचांनी आक्रमण करणाऱ्या संघाच्या होल्डिंगवर फक्त स्पष्ट आणि निर्विवाद प्रसंगांतच रुमाल टाकावेत असे धोरण राहिले. त्या पेनल्ट्या ठळकपणे घटल्या, बहुतांशी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळल्या गेलेल्या त्या हंगामात गुणांचा विक्रम झाला आणि खेळ थांबण्याची कटकट कमी झाली. ही शिथिलता मला मान्य आहे, कारण ती हंगाम सुरू होताना आली, सर्व ३२ संघांना सारखी लागू झाली आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटात भेद करणारी नव्हती. ब्रॅडबेरीने ज्या सवलतीची आशा केली ती मात्र त्या क्षणी, त्या पंचाच्या मनात, फक्त त्याच्यासाठी निर्माण व्हायला हवी होती.

तरीही त्या रात्री वाटलेली हळहळ खोटी नव्हती, आणि तिचे मूळ मला शिक्षेच्या वजनात सापडते. होल्डिंगसाठी यार्ड फक्त ५ जातात. खरा भार असतो आपोआप मिळणाऱ्या पहिल्या डाउनचा. जर्सीची ती ओढ चीफ्सना गरजेपेक्षा फार मोठे बक्षीस देऊन गेली: आणखी चार प्रयत्न आणि घड्याळावर पूर्ण ताबा. समजा नियम असा असता की ५ यार्ड द्यावे आणि तोच डाउन पुन्हा खेळावा. मग चीफ्सचा तिसरा डाउन पुन्हा आला असता आणि कमी पडणारे अंतर साधारण ३ यार्ड राहिले असते. ईगल्सच्या बचावाला आणखी एक झुंज मिळाली असती, रिसीव्हरचे नुकसान भरून निघाले असते आणि पंचाला डोळेझाक करण्याचा मोहही पडला नसता. हलक्या अपराधाला जड शिक्षा असली की पंच ती द्यायला कचरतात, आणि कचरतात म्हणून ती लहरीप्रमाणे दिली जाते. न्यायालयांच्या इतिहासातही हे दिसून आले आहे. अंमलबजावणी सैल करण्यापेक्षा शिक्षा हलकी करून अंमलबजावणी पक्की ठेवणे मला अधिक न्याय्य वाटते. ज्यांना या नियमात दया हवी आहे त्यांनी ती इथे मागावी.

याला एक खरा आक्षेप आहे. तिसरा डाउन आणि १५ यार्ड बाकी असताना ५ यार्डांच्या शिक्षेला कोणता बचावपटू घाबरेल? तो खुशाल धरेल. हा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. त्यावर एवढेच म्हणता येते की दर वेळी रुमाल पडणार अशी खात्री असेल तर पुनःपुन्हा ५-५ यार्ड देऊन कोणताही बचाव फार काळ टिकत नाही, आणि चेंडू हवेत असताना केलेल्या पकडीला पास इंटरफिअरन्सची जड शिक्षा आहेच. लांब अंतराच्या डाउनसाठी यार्ड वाढवता येतील. डेट्रॉइट लायन्सने २०२५ च्या वसंतात हाच प्रस्ताव लीगपुढे मांडला होता: बचावाचे होल्डिंग आणि बेकायदा संपर्क या दोन अपराधांवरचा आपोआप पहिला डाउन काढून टाकावा, यार्डांची शिक्षा तशीच ठेवावी. प्रस्ताव मान्य झाला नाही.

त्यामुळे ग्लेनडेलमधली ती खेळी, तीच पकड आणि तोच १ मिनिट ५४ सेकंदांचा काटा पुन्हा जुळून आला, तर योग्य निर्णयाचा परिणाम आजही तितकाच जड होईल: ५ यार्ड, पहिला डाउन, आणि बरोबरीत असलेल्या दुसऱ्या संघाच्या हाती उरलेले काही सेकंद.